श्रीरामपूरच्या मिशन दफनभूमीतील कॅरींची शिळा : मराठी वाचकाने दिलेला अभिप्राय

हुगळीच्या पश्चिम काठावरील श्रीरामपूर १७५५ ते १८४५ या काळात डेन्मार्कच्या ताब्यात होते. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या हद्दीत धर्मप्रसारक नको असत, म्हणून विल्यम कॅरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड यांनी १८०० साली या डॅनिश वसाहतीत बिऱ्हाड आणि छापखाना थाटला. तिघांच्याही कबरी येथील मिशन दफनभूमीत आहेत. बंगालमध्ये जाणाऱ्या मराठी माणसाने ही जागा आवर्जून पाहावी, असे मला मनापासून वाटते.

कॅरींच्या कबरीवरील लेख अगदी त्रोटक आहे. नाव, १७ ऑगस्ट १७६१ ही जन्मतारीख, ९ जून १८३४ ही मृत्यूची तारीख आणि त्याखाली एका इंग्रजी स्तोत्रातील दोन ओळी, ज्यांत स्वतःला दीन, असहाय किडा म्हणवून देवाच्या दयाळू हातांत देह टाकला आहे. हा त्रोटकपणा कोणाच्या हलगर्जीपणामुळे आलेला नाही. आपल्याला दुसऱ्या पत्नीच्या, शार्लटच्या, शेजारी पुरावे आणि तिच्याच शिळेवर एवढाच मजकूर कोरावा, याहून अधिक काही नको, असे कॅरींनी मृत्युपत्रातच लिहून ठेवले होते. म्हणून लेख म्हणून या शिळेत मला काहीही उणे दिसत नाही. आयुष्यभर छापखाना चालवलेल्या माणसाने स्वतःसाठी मोजकीच अक्षरे मागावीत, हे मला फार मोठे वाटते.

मात्र ऐतिहासिक खूण म्हणून पाहिले, तर ही शिळा आपल्याशी असलेल्या नात्याविषयी काहीच सांगत नाही. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवणाऱ्या कॅरींनी १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि १८१० साली मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. त्या कोशातील मराठी शब्द मोडी लिपीत छापलेले आहेत. एरवी हाताने, बोरूने आणि घाईने लिहिली जाणारी आपल्या दफ्तरांची ही लिपी मराठी मुलखापासून इतक्या दूर शिशाच्या खिळ्यांत ओतली गेली, ही गोष्ट शाळेत आम्हाला कोणी सांगितली नव्हती. पेशवाई संपायला तेव्हा आठ वर्षे बाकी होती.

या कामात वैजनाथ पंडितांचे साहाय्य होते, आणि छापखान्यासाठी अक्षरे कोरणारी कारागिरी पंचानन कर्मकार व त्यांचे जावई मनोहर यांच्यापासून चालत आलेली होती. ख्रिस्ती दफनभूमीत त्यांची खूण सापडणार नाही, हे उघड आहे. त्यामुळे कॅरींच्या शब्दाचा मान राखून शिळा आहे तशीच राहू द्यावी, पण प्रवेशद्वाराजवळ एक वेगळा फलक असावा आणि त्यावर या पंडितांची आणि कारागिरांची नावे बंगाली, इंग्रजी आणि मराठीतही असावीत, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. कोणत्याही भाषेचे पहिले छापील कोश एकट्याने होत नाहीत.

हावड्याहून लोकलने श्रीरामपूर सहज गाठता येते; बराकपूरकडून आल्यास नावेने नदी ओलांडता येते. आधी नदीकाठचे १८१८ चे कॉलेज आणि तेथील कॅरी ग्रंथालय पाहावे, तेथे या छापखान्याच्या जुन्या ग्रंथांचा संग्रह आहे, आणि मगच दफनभूमीत जावे. हा क्रम उलटा केला, तर शिळेवरील चार ओळींमागे केवढे काम उभे आहे, ते ध्यानात येत नाही.