स्पीडसाठी मेट्रोनोम हळूहळू चढवायचा की थेट फास्ट तुकडे वाजवायचे?

गिटारवर स्पीड वाढवायचे दोन रस्ते सगळेच सांगतात. एक, मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक वेगाने क्लिक देणारं यंत्र किंवा अ‍ॅप, ६० बीपीएमला (मिनिटाला ६० क्लिक) सुरू करायचं आणि स्वच्छ वाजलं की ५ बीपीएम वाढवायचे. दुसरा, जिथे पोचायचंय त्याच टेम्पोला चार-पाच नोट्सचा तुकडा वाजवून थांबायचं, हात सैल सोडायचा, परत वाजवायचं. मी पहिला जवळपास वर्षभर केला, मग दुसऱ्यावर आलो.

पहिल्याने टायमिंग खरंच सुधारतं. बोट फ्रेटवर (दांड्यावरच्या पट्टीवर) बसायच्या आधीच पिक, म्हणजे तार छेडायची चकती, लागत असेल आणि नोट दबकी वाजत असेल तर ते हळू वाजवल्याशिवाय कळत नाही.

पण माझं गाडं ११० ला अडकलं ते अडकलंच. प्रत्येक तारेवर तीन नोट्सवाली स्केल (सुरांची ओळ), सिक्स्टीन्थमधे, म्हणजे एका क्लिकला चार नोट्स, एकाच तारेवर असेपर्यंत सगळं नीट आणि तार बदलली की धडपड. रोज तिथपर्यंत चढायचं, तिथेच घसरायचं, दुसऱ्या दिवशी परत ६० पासून, याचा इतका वैताग आला की शेवटी फोनवर उजव्या हाताचा व्हिडिओ काढला. ६० ला पिक प्रत्येक स्ट्रोकला पार शेजारच्या तारेपर्यंत जात होतं, वेळ भरपूर होता ना, आणि मी वर्षभर तोच लांब स्ट्रोक पक्का करत बसलो होतो. शिवाय तीन नोट्स म्हणजे पिक डाउन-अप-डाउन (खाली-वर-खाली), मग पुढची तार अपस्ट्रोकने, म्हणजे पिकला ती तार ओलांडून पलीकडे जायचंय. हळू वाजवताना हे कसंही जमून जातं, १२० ला सेकंदाला ८ नोट्स पडतात तिथे नाही जमत.

म्हणून पाचच नोट्स घेतल्या, तीन एका तारेवर, दोन पुढच्या, थेट १३० ला. पहिला आठवडा घाण वाजलं, पण नंतर पिकचा झोका आपोआप आखडला आणि हवेत उडणारी करंगळीही खाली राहायला लागली.

यातही त्रास आहेच, तुकडे जोडायला वेगळी मेहनत लागते आणि जोरात दाबायची सवय पटकन लागते, मनगट दुखलं तर तिथेच थांबा.

कॉर्ड बदलताना अजून अडखळत असाल तर पहिलाच रस्ता धरा, प्रत्येकाचा हात वेगळा असतो. पण महिनोन् महिने एकाच आकड्यावर अडकला असाल तर मी तुकडेच सांगेन. मेट्रोनोम मात्र चालूच ठेवा, पहिली नोट क्लिकवर सुरू केली तर पाचवी बरोबर पुढच्या क्लिकवर पडायला हवी.