कोरड्या मातीसाठी ॲक्टिनोमायसिट आयसोलेशन अगार: घ्यावा का?

माण, आटपाडी, जत या पट्ट्यातल्या चुनखडीच्या मातीतून प्रतिजैविकं बनवणारे ॲक्टिनोमायसिट (बुरशीसारखे धागे धरणारे जिवाणू) शोधायचे असतील, तर ते वाढवायच्या माध्यमाची, ॲक्टिनोमायसिट आयसोलेशन अगारची, तयार पावडर जरूर घ्यावी. पण ती फक्त जिवाणू वेगळे करण्यापुरती. प्रतिजैविक तयार होतंय का, हे त्याच प्लेटवर तपासायला गेलात तर निकाल हमखास फसवे येतात.

आधी बाटलीबद्दल. कंपनी कुठलीही असो, सूत्र जवळपास एकच: लिटरमागे सोडियम केसिनेट २ ग्रॅम, ॲस्पॅराजीन ०.१ ग्रॅम, सोडियम प्रोपिओनेट ४ ग्रॅम, थोडं फॉस्फेट, मॅग्नेशियम, लोह आणि १५ ग्रॅम अगार. लेबलवर लिटरला २१.७ किंवा २२ ग्रॅम पावडर असं प्रमाण असतं. ग्लिसरॉल बाटलीत नसतं. ते लिटरला ५ मिली वेगळं घालायचं. घाईत हेच राहून जातं, आणि मग वसाहती बारीक, मरतुकड्या राहतात. पावडर विरघळवताना सतत ढवळा, नाहीतर अगार तळाला बसून करपतो. एक लिटरच्या फ्लास्कमध्ये ५०० मिलीच घ्या, आणि ऑटोक्लेव्ह १२१ अंशांवर १५ मिनिटं. ५०० ग्रॅमच्या बाटलीत साधारण २३ लिटर माध्यम होतं, म्हणजे २५ मिलीच्या नऊशेवर प्लेट. प्लेट याहून पातळ ओतू नका. २८ ते ३० अंशांवर दोन-तीन आठवडे ठेवायच्या असतात, पातळ अगार तोवर आक्रसून भेगाळतो. पावसाळ्यात पावडर ओल धरते, म्हणून बूच लगेच घट्ट लावा.

कोरड्या मातीला हे माध्यम मानवतं याची दोन कारणं. पीएच ८.१ असल्याने चुनखडीच्या जमिनीत रुळलेल्या जिवाणूंना ते परकं वाटत नाही. याच कामाला वापरला जाणारा स्टार्च केसीन अगार ७ ते ७.२ वर असतो. दुसरं म्हणजे इथे खाद्य बेताचंच आहे. न्यूट्रियंट अगारवर वेगाने वाढणारे जिवाणू दोन दिवसांत प्लेट व्यापतात आणि संथ वाढणाऱ्या स्ट्रेप्टोमायसिसला, म्हणजे आपल्याला हव्या त्या ॲक्टिनोमायसिटला, जागाच उरत नाही. इथे ती झुंबड होत नाही.

आता उणीव, आणि ती सूत्रातच आहे. बुरशी आवरण्यासाठी प्रोपिओनेट घातलंय, पण त्याचा जो भाग आयनांत फुटलेला नसतो तोच बुरशीच्या पेशीत सहज शिरतो. पीएच ८.१ ला असा भाग नगण्य असतो. त्यामुळे ॲस्परजिलससारखी बुरशी डोकं वर काढतेच. सायक्लोहेक्सिमाइड हे बुरशीनाशक घालण्याची पद्धत आहे, पण अल्कधर्मी माध्यमात ते विघटित होतं, तीन आठवडे त्याच्या भरवशावर राहता येत नाही. आमचा कल निस्टॅटिन या दुसऱ्या बुरशीनाशकाकडे: मिलीला ५० मायक्रोग्रॅम, डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये विरघळवून, माध्यम ४५ ते ५० अंशांवर आल्यावर. सोबत नॅलिडिक्सिक ॲसिड मिलीला २० मायक्रोग्रॅम घातलं की बहुतेक ग्राम-निगेटिव्ह जिवाणू आटोक्यात राहतात.

उरतो बॅसिलस हा वेगाने पसरणारा जिवाणू, आणि कोरड्या मातीत खरी डोकेदुखी त्याचीच. वरचा दोन-तीन सेंटीमीटरचा थर बाजूला सारून ५ ते १५ सेंटीमीटर खोलीची माती कागदी पाकिटात घ्या. बंद प्लास्टिकमध्ये दमटपणा साठतो आणि नको ते जिवाणू वाढतात. आठवडाभर सावलीत वाळवून १०० अंशांवर तासभर कोरडी उष्णता द्या. ग्राम-निगेटिव्ह बरेच मरतात, स्ट्रेप्टोमायसिसचे बीजाणू बऱ्यापैकी तगतात. पण बॅसिलसचे बीजाणूही तगतात. त्यावर उपाय साधा: प्लेटचा पृष्ठभाग लॅमिनार फ्लोमध्ये नीट कोरडा करा आणि एक हजारपट व दहा हजारपट विरल केलेल्या मातीतून ०.१ मिलीच पसरवा. ओलसर प्लेटवर बॅसिलस पाण्याच्या थराबरोबर पसरतो. हवी ती वसाहत ओळखू येते: कडक, चामड्यासारखी, वर खडूची भुकटी धरलेली, सुईने उचलायला गेलं तर अगारात रुतून बसलेली.

इथून पुढे ही बाटली बाजूला ठेवा. पिंपरीच्या मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिनापासून हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार यांनी हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध मिळवलं. तशाच कशाच्या तरी शोधात असाल तर हा मुद्दा नीट बघा. या माध्यमावरची अगारची चकती बुरशी वाढवायच्या, ५.६ पीएचच्या सॅबूरो अगारवर ठेवली की जे प्रोपिओनेट इतके दिवस निपचित होतं तेच कामाला लागतं आणि चकतीभोवती सुंदर वलय (बुरशी न वाढलेली मोकळी जागा) उमटतं. त्यात निस्टॅटिनही झिरपतं. जिवाणूने काहीच केलेलं नसतं.

म्हणून वसाहत निदान दोनदा आयएसपी-२ (यीस्ट-माल्ट अर्काचं माध्यम) वर उतरवा, सात दिवस वाढू द्या, मग ६ मिलिमीटरची चकती कापून बॅसिलस सटिलिस आणि मायक्रोकोकस ल्युटियस यांच्यावर तपासा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत रोगकारक जिवाणू हाताळायची गरज नाही. स्टार्च केसीनवर तपासणार असाल तर लक्षात घ्या, त्यात फॉस्फेट लिटरला २ ग्रॅम आहे, आणि जास्त फॉस्फेटमुळे स्ट्रेप्टोमायसिसमध्ये प्रतिजैविकाचं उत्पादन अनेकदा दबतं. प्रत्येक प्लेटवर त्याच माध्यमाची, जिवाणू न वाढवलेली एक कोरी चकती ठेवा. तिच्याभोवतीही वलय दिसलं तर ती प्लेट सरळ टाकून द्या. कोरी चकती स्वच्छ आणि वलय दुसऱ्या खेपेलाही कायम असेल, तेव्हाच नमुना १६ एस आरआरएनए क्रमवारीला (जिवाणू ओळखण्यासाठी त्याच्या एका जनुकाचा क्रम वाचायला) पाठवा. अर्धवट ५०० बेसेसवर समाधान मानू नका, २७एफ आणि १४९२आर प्रायमरने जवळपास १,४०० बेसेस मागा. स्ट्रेप्टोमायसिसच्या जवळच्या जाती तेवढ्यातही एकमेकींपासून मुश्किलीने वेगळ्या होतात.