बोटांच्या ठशांवरून बुद्धी सांगणारी चाचणी: पालकांनो, पैसे भरण्याआधी वाचा

मुलाच्या शाळेतून ‘डीएमआयटी’चं पत्रक आलं असेल, तर सही करण्याआधी दोन मिनिटं द्या. ‘डर्मॅटोग्लिफिक्स मल्टिपल इंटेलिजन्स टेस्ट’ हे या चाचणीचं पूर्ण नाव. डर्मॅटोग्लिफिक्स म्हणजे बोटं आणि तळव्यांवरच्या रेषांचा अभ्यास. मुलाच्या दहाही बोटांचे ठसे स्कॅनरवर घेतात, सॉफ्टवेअरला देतात, आणि मूल गणितात चमकेल की चित्रकलेत, ते रंगीत रिपोर्टमध्ये छापून मिळतं. माझ्या मुलीच्या शाळेने हे ‘शिक्षणातील नवतंत्रज्ञान’ म्हणून आणलं. शाळेचं आणि कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. हा माल विकणारे पुष्कळ आहेत.

पालकसभेत कंपनीचे सर आले होते. बोलणं गोड, पडद्यावर मेंदूची फिरती चित्रं. त्यांचा हुकमी मुद्दा असा की त्वचा आणि मेंदू गर्भात एकाच थरातून घडतात, म्हणून बोटांवर मेंदूचा नकाशा उमटतो. यातला पहिला भाग खरा आहे, आणि लोक तिथेच फसतात. त्वचेचा वरचा पापुद्रा आणि मज्जासंस्था दोन्ही बाह्यस्तरातूनच तयार होतात. पण केस, नखं आणि दातांवरचं इनॅमलसुद्धा त्याच थरातून येतं. मग कापलेल्या नखांवरून करिअर का सांगत नाहीत?

डर्मॅटोग्लिफिक्स हा शब्दही खोटा नाही. शरीररचनाशास्त्रज्ञ हॅरोल्ड कमिन्स यांनी १९२६ साली तो रूढ केला. डाउन सिंड्रोमसारख्या काही जन्मजात स्थितींमध्ये तळहाताच्या रेषा वेगळ्या दिसतात, हे वैद्यकाला माहीत आहे. तिथून ‘हिची तर्कबुद्धी १२ टक्के’ इथवर उडी मारायला मात्र कुठलाच पूल नाही. मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ साली बहुविध बुद्धिमत्तेचा (मल्टिपल इंटेलिजन्स) सिद्धांत मांडला: बुद्धी एकच नसून अनेक प्रकारची असते. त्यात बोटांच्या ठशांचा संबंधच नाही. पत्रकावर नाव त्यांचं, धंदा यांचा.

रिपोर्ट घरी आला. मुलगी ‘कायनेस्थेटिक लर्नर’ (म्हणजे हातांनी करून शिकणारी), तर्कबुद्धी कमी, गणिताचा आग्रह धरू नये. समुपदेशक बाई फोनवर म्हणाल्या, “मॅडम, उगाच ताण देऊ नका, तिचा तो पिंडच नाही.” मुलीने हे ऐकलं. त्या आठवड्यात गणिताची वही उघडायला सांगितलं तर म्हणाली, “आई, माझ्या बोटांतच गणित नाहीये.” पैसे गेले त्याचं दुःख मी गिळलं असतं. या वाक्याचा राग अजून जात नाही.

मग मी रिपोर्ट नीट वाचायला घेतला. ‘स्वभाव’ या पानावर मुलीचा उल्लेख दोन ठिकाणी ‘तो’ असा होता. वर्गातल्या एका मुलाच्या आईकडून त्याचा रिपोर्ट मागवला. तोच परिच्छेद, शब्दाला शब्द. ‘संवेदनशील आहे पण भावना लगेच दाखवत नाही, योग्य मार्गदर्शन मिळाल्यास मोठी झेप घेऊ शकतो.’ असं कोणत्या मुलाबद्दल म्हणता येणार नाही? बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली हेच वर्गात करून दाखवलं होतं. ३९ विद्यार्थ्यांना ‘तुमचं व्यक्तिमत्त्व’ म्हणून एकच मजकूर वाटला, आणि त्यांनी अचूकतेला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. त्यातली वाक्यं बहुतेक ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली होती.

वर्गात एकसारखी दिसणारी जुळी भावंडंही आहेत. एकाला ‘नेतृत्वगुण’ मिळाले, दुसऱ्याला ‘अनुयायी प्रवृत्ती’. अशा जुळ्यांचेही ठसे तंतोतंत जुळत नाहीत, तेव्हा आकडे वेगळे येणारच. त्यांच्या वडिलांनी विचारलं तर सर म्हणाले, “बघा, किती सूक्ष्म चाचणी आहे!” यावर काय बोलणार?

आणि ‘कायनेस्थेटिक’चं म्हणाल, तर पाहून, ऐकून किंवा करून शिकणारी मुलं वेगळी काढून त्यांना त्याच पद्धतीने शिकवल्यास ती जास्त शिकतात, याला पुरेसा पुरावा नाही, असं मानसशास्त्रज्ञ हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ च्या आढाव्यात स्पष्ट लिहिलं आहे.

रिपोर्ट हे फक्त गळाला लावलेलं आमिष आहे, हे नंतर कळतं. ‘उणिवा’ दाखवल्या की लगेच त्या भरून काढणारा ‘ब्रेन अॅक्टिव्हेशन’ कोर्स विकायला फोन सुरू होतात. कोर्सचा पुरावा म्हणून डोळ्यांवर पट्टी बांधून वाचणाऱ्या मुलांचे व्हिडिओ पाठवतात. नाकाशेजारच्या फटीतून खाली दिसतं, एवढंच त्यातलं रहस्य.

पैसे परत मागितले तर उत्तर आलं की ‘सेवा पूर्ण दिलेली आहे’. शाळा म्हणते, चाचणी ऐच्छिक होती. पत्रकात ‘ऐच्छिक’ हा शब्द होता खरा, पण वर्गशिक्षिका रोज राहिलेल्या मुलांची नावं वर्गात वाचत होत्या.

ठशांची गोष्ट सर्वांत गंभीर आहे. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, बोटं बदलता येत नाहीत. ठसे कुठे साठवले, कोणाला दिले, कधी पुसणार, हे मी ईमेलवर विचारलं. ‘डेटा सुरक्षित आहे’ एवढं एका ओळीचं उत्तर मिळालं. तुमच्या मुलाचे ठसे आधीच घेतले असतील, तर ते पुसल्याची लेखी खात्री कंपनी आणि मुख्याध्यापक दोघांकडे मागा, तारखेसह पोच घ्या, आणि संमतिपत्राची प्रत मागून घ्या. आमच्या प्रतीत ठसे ‘संशोधनासाठी’ वापरण्याची परवानगी बारीक अक्षरांत मागच्या पानावर होती. ती लेखी रद्द केल्याचं पत्र मी दिलं आहे, इतर काही पालकांनीही दिलं. कंपनीचं उत्तर अजून आलेलं नाही.