पासिंगपुरता गार्ड

लांजा तालुक्यात माझी एक दहाचाकी मालगाडी आहे. दिवाळीनंतर चिरेखाणी सुरू झाल्या की पाऊस लागेपर्यंत ती चिरा (बांधकामाचा जांभा दगड) भरून पाली, साखरपा आणि आंबा घाट या मार्गाने कोल्हापूरकडे जाते आणि परतताना सिमेंट किंवा पशुखाद्य घेऊन येते. गेल्या वर्षी जानेवारीत गाडीच्या पासिंगच्या निमित्ताने माझी जी फसवणूक झाली, ती पैशांच्या हिशेबात फार मोठी नाही. एकूण रक्कम साडेसतरा हजार रुपये. परंतु तिच्यापायी एका परक्या माणसाचा पाय मोडला, आणि ज्या युक्तीने मला फसवले गेले ती युक्ती या पट्ट्यात अजून चालू आहे, म्हणून ही हकीकत शक्य तितक्या तपशिलाने लिहीत आहे.

गाडीची पहिली नोंदणी २०१४ ची. मालवाहू गाडीला आठ वर्षे होईपर्यंत योग्यता प्रमाणपत्र दोन वर्षांचे मिळते आणि त्यानंतर ते दरवर्षी घ्यावे लागते, त्यामुळे माझ्यासारख्या जुन्या गाडीच्या मालकाला पासिंग हा वर्षातून एकदा येणारा खर्च आहे. ब्रेक, स्टेअरिंग, दिवे यांची कामे आपला नेहमीचा मिस्त्री करतो. सुरक्षेच्या सामानाची गोष्ट मात्र वेगळी असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे अवजड मालगाडीला मागे आडवा गार्ड लागतो, दोन्ही बाजूंना चाकांच्या मधल्या मोकळ्या जागेत गार्ड लागतो, परावर्तक टेप लागते आणि वेग नियंत्रक लागतो. यातले काय खरे आणि काय खोटे हे ओळखण्याइतके ज्ञान आपल्यापैकी बहुतेकांना नसते. मला तर नव्हतेच.

महामार्गालगतच्या एका मोठ्या गावात गाड्यांच्या सामानाचे एक दुकान आहे. दुकानाचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण प्रकरण चालू आहे. दुकानदाराने मला ‘पासिंगचा पूर्ण संच’ साडेसतरा हजारांत देऊ केला. त्यात मागचा गार्ड, बाजूचे गार्ड, टेप, वेग नियंत्रकाची दुरुस्ती व सील, धोक्याचा त्रिकोण आणि प्रथमोपचार पेटी असे सर्व होते, आणि प्रत्येक वस्तूचे प्रमाणपत्र वेगळे मिळणार होते. अन्यत्र याच सामानाला मला पंचवीस हजारांच्या आसपास दर सांगितला होता. साडेसात हजारांचा फरक कशामुळे, हा प्रश्न मी विचारला नाही, कारण स्वस्त मिळते आहे या आनंदात माणूस असले प्रश्न विचारत नाही.

एक गोष्ट मात्र मी विचारली होती. टेप थेट फाळक्यावर (हौद्याच्या मागच्या फळीवर) न चिकटवता त्याने ती पत्र्याच्या लांब पट्टीवर चिकटवली आणि ती पट्टी चार नटबोल्टांनी फाळक्याला बसवली. असे का, असे विचारल्यावर तो म्हणाला, “काका, तुमची गाडी चिऱ्याची. चढ-उतार करताना फाळका खरवडतो, टेप फाटते. पट्टी असली की नुसती पट्टी बदलायची.” हे उत्तर इतके व्यवहाराचे होते की मला त्याच्या हुशारीचे कौतुक वाटले. गार्डही त्याने वेल्डिंग न करता बोल्टवरच बसवला.

पासिंग व्यवस्थित झाले. माझ्या चालकाने तिथूनच गाडीचा मागून काढलेला फोटो मला मोबाइलवर पाठवला आणि खाली ‘झालं’ एवढेच लिहिले. तो फोटो मी सहज ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी दुकानदाराचा फोन आला की गार्डला केवळ लाल ऑक्साइड मारलेले आहे, गंज धरेल, रंगाचा दुसरा हात राहिला आहे, गाडी तासाभरासाठी पाठवा. त्याने स्वतःहून दाखवलेली ही आस्था पाहून मी गाडी पाठवली. त्या एका तासात त्याने खरा गार्ड आणि खऱ्या टेपची पट्टी काढून घेतली, त्याच छिद्रांवर दुसरा गार्ड व दुसरी पट्टी बसवली आणि वर काळा-पिवळा रंग मारून गाडी परत दिली. पासिंगपुरते दुसऱ्याचे चांगले टायर चढवून नंतर उतरवणारे लोक आपण सर्वांनी पाहिलेले आहेत, पण ते मालकाच्या संमतीने होते. येथे मालकालाच पत्ता नव्हता.

पुढचे चार महिने काहीच लक्षात आले नाही. मध्यंतरी चालक एकदा म्हणाला होता की मागचे रेडियम चमकत नाही. मी त्याला सांगितले की चिऱ्याची तांबडी धूळ बसली असेल, फडके मार. आपण ज्याला सरसकट रेडियम म्हणतो ती टेप आमच्या गाड्यांवर तशीही धुळीने माखलेलीच असते, त्यामुळे मला माझे म्हणणे पटले, आणि मला वाटते की त्यालाही पटले.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात रात्री साखरपा सोडून आंबा घाट चढत असताना क्लच प्लेट गेली आणि भरलेली गाडी चढावरच थांबली. वळवाची सर येऊन गेलेली होती आणि घाटात दाट धुके होते. चालकाने चाकांमागे ठोकळे लावले आणि संचातला तो त्रिकोण काढून मागे रस्त्यावर ठेवला. त्या त्रिकोणाच्या तळाला वजन म्हणून काहीच नव्हते. वाऱ्याच्या पहिल्याच झोताबरोबर तो आडवा झाला आणि दुसऱ्या झोताने घसरत गटारात गेला. मग त्याने आपला जुना उपाय धरला, म्हणजे कडेच्या झाडाचे टाळे (पानांच्या डहाळ्या) तोडून रस्त्यावर टाकायला तो खाली उतरला, आणि तो टाळे तोडत असतानाच पिकअप येऊन मागून धडकली.

पिकअपमध्ये बर्फात भरलेली मासळी होती. १ जूनपासून मासेमारी बंद होते, त्यामुळे त्या आठवड्यात मासळीच्या गाड्यांची घाई असते. परंतु चालक वेगात नव्हता हे माझ्या चालकानेही पोलिसांना सांगितले आहे. मागचा गार्ड ज्या कामासाठी असतो ते काम एकच आहे: छोटी गाडी मोठ्या गाडीच्या हौद्याखाली घुसू नये. माझ्या गाडीचा गार्ड मध्यावर वाकून आत गेला, पिकअपचे बॉनेट हौद्याखाली घुसले आणि डॅशबोर्ड त्या चालकाच्या गुडघ्यांवर आला. त्याच्या डाव्या पायाचे हाड दोन ठिकाणी मोडले. मी त्याला दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा तो मला एवढेच म्हणाला, “शेठ, मला फक्त धुकं दिसत होतं. गाडी नव्हतीच तिथे.”

गाडी ओढून आणल्यावर माझ्या मिस्त्रीने वाकलेला गार्ड उतरवून जमिनीवर ठेवला आणि हातोडीच्या टोकाने त्यावर टोचा मारला. हातोडीचे टोक आत गेले. दिसायला चौकोनी जाड नळी असलेली ती वस्तू म्हणजे पातळ पत्रा वाकवून केलेली पोकळ पेटी होती. जोडावर लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारलेला होता आणि रंग उडाला तेथे लांबीचे पांढरे पापुद्रे सुटत होते. मिस्त्रीने मग माझ्या मोबाइलमधला तो पासिंगचा फोटो मोठा करून पाहिला. फोटोतल्या गार्डच्या एका बाजूला निर्मात्याची छोटी पाटी होती आणि डाव्या टोकाजवळ नारळाएवढा पोचा होता. जमिनीवर पडलेल्या गार्डला पाटीही नव्हती आणि डावे टोक सरळ होते.

त्या रात्री आम्ही टेपची पट्टी भिंतीला टेकवून ठेवली, ओल्या फडक्याने पुसली आणि पन्नास पावलांवरून बॅटरीचा प्रकाश टाकला. येथे एक बारकावा सांगणे आवश्यक आहे. खरी परावर्तक टेप प्रकाश जिकडून येतो तिकडेच परत पाठवते, म्हणून बॅटरी डोळ्याशेजारी कपाळाला लावून धरली तरच तिची खरी चमक दिसते. कमरेशी धरून पाहिले तर चांगली टेपही मंद वाटते. आमच्या पट्टीवरची टेप कशीही पाहिली तरी काळपट लालच राहिली. ती नुसती चकचकीत प्लास्टिकची फिल्म होती, जी दिवसा उन्हात फार सुंदर दिसते. शेजारच्या गाडीवरची खरी टेप जवळून पाहिली तर तिच्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक घरे दिसत होती आणि ठरावीक अंतराने मान्यतेचे चिन्ह टेपच्या अंगातच उमटलेले होते. आमच्या टेपवरचे चिन्ह नखाने खरवडल्यावर निघाले. ए.आय.एस. ०९० या मानकाची टेप पुढे पांढरी, बाजूला पिवळी आणि मागे लाल असते, एवढे पाठ असून भागत नाही हे मला त्या रात्री कळले, कारण आमच्या गाडीवरचे रंग अगदी बरोबर होते.

वेग नियंत्रकाविषयी थोडक्यात सांगतो, कारण अपघाताशी त्याचा संबंध नव्हता. साध्या मालगाडीला ताशी ८० किलोमीटर आणि डंपर, टँकर यांना ६० किलोमीटर अशी मर्यादा नियमात आहे. माझ्या गाडीतील पेटीला सील होते, परंतु त्या ‘रंगाच्या’ तासात तिच्या वायरी परस्पर जोडून पेटीला बगल दिलेली होती. हे करायला दुकानदाराला कोणी सांगितले होते, असे मी माझ्या चालकाला एकदा विचारले आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहून पुन्हा विचारले नाही.

दुकानात गेलो तेव्हा दुकानदार रागावला नाही, घाबरलाही नाही. “काका, गाडी पास झाली की नाही? मग सामान खोटं कसं?” हा त्याचा एकच मुद्दा होता आणि तो त्याने शांतपणे तीनदा मांडला. शेवटी त्याने सहा हजार रुपये काउंटरवर ठेवले. ते उचलावेत असे मला क्षणभर वाटले, हे लपवण्यात अर्थ नाही.

आता कागदांविषयी, कारण माझी खरी अडचण तिथे आहे. त्याने दिलेल्या छापील बिलावर जीएसटी क्रमांक होता. तो क्रमांक पंधरा अंक-अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातील नोंदणीचा असेल तर २७ ने सुरू होतो. माझ्या बिलावरचा २७ नेच सुरू होत होता, परंतु वकिलांनी पेन्सिलीने मोजले तेव्हा तो चौदाच भरला. जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकून पाहायला एक मिनिट लागते. मी ते मिनिट जानेवारीत काढले असते तर पुढचे काही घडले नसते. शिवाय बिलावर ‘गाडीचे सामान’ एवढेच लिहिलेले आहे. गार्ड कोणत्या निर्मात्याचा, टेप किती मीटर, वेग नियंत्रकाचा क्रमांक कोणता, यातले काहीही नाही.

पोलीस ठाण्यात फसवणुकीचा लेखी अर्ज दिला आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रारही केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तेथे शुल्क लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. समोरच्या वकिलांचे म्हणणे असे की मालगाडी हे व्यावसायिक साधन आहे, त्यामुळे मी कायद्याच्या भाषेत ग्राहकच नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार म्हणून घेतलेल्या वस्तूंना ‘व्यावसायिक’ या व्याख्येतून वगळलेले आहे, आणि एकुलत्या गाडीवर घर चालवणाऱ्या माणसाचे सर्व म्हणणे त्या एका तरतुदीवर उभे आहे. युक्तिवाद अजून बाकी आहे.

माझ्या ओळखीच्या एका ट्रेलरमालकाला याच दुकानाने वेगळ्या प्रकारे फसवले, तेही येथेच नोंदवतो. पुढचा पुलर (ओढणारी गाडी) आणि मागचा ट्रेलर यांची नोंदणी वेगवेगळी असते आणि दोघांना योग्यता प्रमाणपत्रही वेगवेगळे लागते. त्याच्याकडून दोन्हींचे पैसे घेतले गेले, पण टेपची व गार्डची दोन्ही प्रमाणपत्रे पुलरच्याच क्रमांकावर निघाली. कागद दोन आहेत हे पाहून तो निश्चिंत राहिला. दोन्ही कागदांवर गाडीचा क्रमांक एकच आहे, हे त्याने माझी हकीकत ऐकल्यानंतर पाहिले.

मी आता जो गार्ड बसवून घेतला त्याचे वजन करून घेतले, पाटीचा फोटो बिलाला जोडला आणि रिकाम्या गाडीखाली मोजपट्टी धरून त्याची खालची कडा जमिनीपासून ५५० मिलिमीटरच्या आत आहे याची खात्री केली. बोल्टांच्या डोक्यांवर पांढऱ्या रंगाची रेघ अशी ओढली आहे की ती अर्धी बोल्टवर आणि अर्धी चासीवर येते. बोल्ट कोणी फिरवला तर रेघ तुटते. ही युक्ती मिस्त्रीची. टेप थेट फाळक्यावर चिकटवली आहे, आणि खरवडली गेली की नवी लावतो.

या फेब्रुवारीत पालीला चहासाठी थांबलो असताना समोर एक सहाचाकी गाडी उभी होती. मागचा गार्ड नव्या रंगाचा, परंतु डाव्या टोकाजवळ नारळाएवढा पोचा. मी मोबाइलमधला फोटो काढून पोच्याशेजारी धरला, पाटी पाहिली, आणि गाडीचा मालक कोण म्हणून विचारले. पंचविशीचा मुलगा पुढे आला. पासिंग कालच झाले असे त्याने सांगितले. दुकानात परत कधी बोलावले आहे, असे मी विचारले.

“उद्या सकाळी,” तो म्हणाला. “रंगाचा दुसरा हात राहिलाय म्हणे. पण काका, तुम्हाला कसं कळलं?”