दाते-कर्व्यांच्या शब्दकोशासोबत दहा महिने

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हाच घरात एक मोठा कोश हवा असं मनात घेतलं होतं. प्रत्यक्षात घ्यायला पुढचा आषाढ उजाडला. य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सातही खंड जुन्या पुस्तकांत एकगठ्ठा मिळाले. मूळ प्रकाशन १९३२ ते १९३८. सकाळी चहासोबत पेपर वाचायचा आणि बातमीतला एक तरी शब्द कोशात बघायचा, हा नेम धरला. तो आजवर मोडलेला नाही, म्हणून हा अनुभव लिहिते आहे.

पहिलाच शब्द निघाला विसर्ग. आमच्या नाशिकजवळच्या गंगापूर धरणातून पाणी सोडलं होतं आणि पहिल्या पानावर ‘विसर्ग वाढवला’ अशी बातमी होती. मी हा शब्द शाळेपासून ‘दुःख’मधल्या दोन टिंबांपुरताच ओळखत होते. मुळात सृज् हा धातू, त्याला वि लागला की सोडणं. विसर्जनही त्यातलंच. अक्षरामागून सुटलेला श्वास तो विसर्ग आणि दरवाजे उचलून सोडलेलं पाणी तोही विसर्ग! दुपारी होळकर पुलावर गेले. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कमरेपर्यंत पाणी लागलं होतं, काठावरच्या टपऱ्या हलवून झाल्या होत्या आणि माणसं कठड्याला टेकून गप्प उभी होती. इतकी वर्षं याच पुलावरून पूर बघितला, पण त्या दिवशी शब्द आणि पाणी एकदमच दिसलं. पुढे गणपतीत याच गोदावरीवर विसर्जनाला गेले तेव्हाही तेच आठवलं.

आता अडचणी. विकणाऱ्याने सगळी पानं नीट आहेत असं सांगितलं होतं, पण तिसऱ्या खंडात सोळा पानं नव्हती. फोन केले, उत्तर आलं नाही. त्याचं फार वाईट वाटलं. जुना संच घेणार असाल तर दुकानातच बसून पानांचे आकडे तपासा. १९५० चा पुरवणी खंड मला अजून मिळालेला नाही. शिवाय कोश १९६२ च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीचा आहे. कवी नाही, कवि. गुरू नाही, गुरु. पहिला महिनाभर बोट चुकीच्या पानावर जायचं, मग सवय झाली. वजनाचं म्हणाल तर खंड मांडीवर पेलत नाही, मी पाटावर ठेवते.

शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर हाच कोश फुकट बघता येतो, घाईत मीही तिथेच बघते. पण कागदावर विसर्ग शोधताना आधी ‘विसरणें’ लागतं, आणि तिथे मी हमखास रेंगाळते.

दिवाळीनंतर खरिपाच्या पैसेवारीच्या बातम्या आल्या. पन्नास पैशांच्या आत आली की टंचाईच्या सवलतींची चर्चा सुरू होते, एवढंच ठाऊक होतं. आजी आणेवारी म्हणायची. पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे, त्यातलं हाती किती आलं, हा तो हिशेब. १९५७ मध्ये दशमान नाणी आली आणि आणा हळूहळू व्यवहारातून गेला, पण ‘सोळा आणे खरं’ आपण अजून म्हणतो. त्या एका बातमीसाठी मी पाऊण तास बसले होते.

लिलाव हा शब्द पोर्तुगीजांकडून आलेला. निफाडकडे मामांचा कांदा आहे, त्यांना फोनवर सांगितलं तर क्षणभर काही बोललेच नाहीत. ‘म्हणजे लासलगावात आम्ही रोज पोर्तुगीज बोलतो का गं?’ मग त्यांनीच विचारलं, ‘तुझ्या पुस्तकात आमचा रांगडा आहे का?’ पावसाळ्यातला पोळ, त्यामागून येणारा रांगडा, मग उन्हाळ, आणि बारीक कांदा ती गोल्टी. एकाच पिकाची इतकी नावं त्यांनी एका दमात सांगितली.

माझ्यासारखं रोज पेपर वाचणाऱ्याने हा संच जरूर घ्यावा. घेताना एक दोनशे पानी वहीही घ्या. माझी सातव्या खंडाशेजारी असते. मामांचे चारही शब्द तिच्यात पहिल्याच पानावर आहेत, आणि कोणत्या महिन्यात कोणता कांदा निघतो ते त्यांनी फोनवर सांगितलं तसंच पुढे लिहिलं आहे.