शिह त्झू कुत्र्याचे केस: लांब ठेवावेत की आखूड?

रत्नागिरी-मालवणच्या दमट हवेत, त्यातही जून ते सप्टेंबर, हे केस मुळाशी लवकर वाळत नाहीत; कानामागे, काखेत, गळपट्ट्याखाली गुंता होतो.

लांब ठेवायचे तर रोज केसांचा एकेक थर उचलून स्लिकर ब्रश (बारीक, वाकड्या तारांचा ब्रश), मग त्वचेपर्यंत स्टीलची फणी. वरवर ब्रश फिरवला तर वर मऊ आणि आत नमदा, म्हणजे केसांचा घट्ट चिकटलेला थर. गुंता आंघोळीआधीच सोडवा, भिजला की तो आणखी आवळतो. कात्री नको: गुंत्याबरोबर त्वचाही वर ओढली जाते आणि कापते.

अडीच सेंटीमीटर ठेवून कापले तर दिवसाआड विंचरणं पुरतं, गोचीडही पटकन सापडते. पावसाळ्यात आम्ही हेच सुचवू. पॉमेरेनियनला मात्र केस कापायचं मशीन लावू नका. त्याचे दुहेरी केस (वर लांब, आत मऊ दाट थर) पूर्वीसारखे येतीलच असं नाही.