वादी रम, दोन रात्रींचा कॅम्प आणि जीप टूर: पूर्ण दिवसाचीच घ्या

मार्चमध्ये जॉर्डनला गेलो होतो, पेट्रा हे कातळात कोरलेलं प्राचीन शहर बघून झाल्यावर वादी रमच्या वाळवंटात दोन रात्री एका बेदुईन (वाळवंटातले भटके अरब) कॅम्पमध्ये राहिलो. बुकिंग करताना आम्हाला प्रश्न पडलेला की जीप टूर दोन तासांची घ्यायची का पूर्ण दिवसाची. पूर्ण दिवसाचीच घ्या प्लीज. दोन तासांत लाल वाळूची टेकडी, एखादी दगडी कमान, चार फोटो की संपलं, आणि या वाळवंटात जे खरं बघायचं ते राहूनच जातं.

ते म्हणजे पाणी आणि उंट! आमचा गाईड तिथल्याच गावातला. त्याने जीप काढायच्या आधी आम्हाला गावामागच्या नबाती (पेट्रा वसवणारे प्राचीन अरब व्यापारी) देवळाजवळून जबल रम डोंगराच्या उतारावर चढवलं, तिथे कातळातून झरा येतो. वरचा वालुकाश्म पावसाचं पाणी पिऊन घेतो, खाली ग्रॅनाइट लागला की ते पुढे मुरत नाही आणि बाजूने बाहेर पडतं. नबाती लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वी हेच पाणी कातळात चर खोदून खाली नेलं होतं. दक्षिण अरबस्तानातून लोबान आणि बोळ हे सुगंधी डिंक लादून गाझाकडे निघालेले तांडे, त्यांचा धंदा सगळा पाणी कुठे मिळणार या माहितीवर चालायचा, हे तिथे उभं राहिल्यावर एकदम लक्षात आलं. पेट्राच्या सीकमध्ये, म्हणजे शहरात शिरायच्या अरुंद घळीत, भिंतीलगतचे पाण्याचे चर आणि उंट घेऊन चाललेल्या माणसाचं झिजलेलं शिल्प आदल्याच दिवशी बघितलं होतं, ते आता जुळलं.

मग खझालीची घळ, आत भिंतीवर माणसं, पावलं, थमुदी ही अरबस्तानातली प्राचीन लिपी. आणि अनफाशियाचा कातळ, त्यावर उंटांची अख्खी रांग कोरलीय, मी तिथून हलतच नव्हतो. वादी रममध्ये असे सुमारे २५,००० चित्रं आणि २०,००० लेख आहेत, २०११ पासून जागतिक वारसा आहे. तरी लोक त्या कातळांवर स्वतःची नावं खरवडतात, बघून फार वाईट वाटलं.

कॅम्प ठीकठाक. गाद्या, पांघरुणं स्वच्छ, बाथरूम कॉमन. रात्री थंडी जबरदस्त पडते, जाड जॅकेट न्याच. जेवणात झर्ब, म्हणजे वाळूत पुरलेल्या भट्टीत शिजवलेलं मटण, चिकन, बटाटे, गाजर. चव एक नंबर, पण एकाच जाळीवर सगळं असतं म्हणून शाकाहारी असाल तर वेगळं करायला आधीच सांगून ठेवा, सांगितलं की करतात. तक्रार एकच पण मोठी, जनरेटर आणि लाइटिंग रात्री उशिरापर्यंत चालू, तारे बघायला आम्हाला चालत कातळामागे जावं लागलं. कॅम्प निवडताना लाइट कधी बंद करतात हे नक्की विचारा.

पैशांचं म्हणाल तर जॉर्डन पास, म्हणजे पर्यटकांसाठीचं एकत्रित तिकीट, विमानात बसायच्या आधीच ऑनलाइन घ्या. पेट्रा एक दिवसवाला ७० दिनारचा, त्यात वादी रमची ५ दिनारची एंट्री येते आणि देशात किमान तीन रात्री राहिलात तर ४० दिनारची व्हिसा फी वाचते. टूरचे पैसे मात्र वेगळे, आणि ते आम्ही रोख दिले.

पुढच्या वेळी उम्म अद् दामी चढायचंय, १,८५४ मीटर, जॉर्डनमधलं सगळ्यात उंच शिखर, वरून सौदीचे डोंगर दिसतात. गाईड तोच हवा, त्याला आत्ताच सांगून ठेवलंय.